विषय: घर भाड्याने देण्याआधीचं ईपीसी – कुठले कागद काढून ठेवायचे?

स्लाऊहून

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांची तब्येत बरी नसते, म्हणून आम्ही दोन वर्षांसाठी नाशिकला जातोय. इथलं इंग्लंडमधलं घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचंय. एजंटने पहिल्याच भेटीत ईपीसी मागितलं, म्हणजे घराला ऊर्जा किती लागते त्याचं प्रमाणपत्र (ए सगळ्यात चांगलं, जी सगळ्यात वाईट). सरकारी रजिस्टरवर पोस्टकोड टाकून बघितलं तर २०१३ चं निघालं, आम्ही घर घेतलं तेव्हाचं. डी, ५८ गुण. दहा वर्षांची मुदत केव्हाच संपलीय. नवीन मागवल्याशिवाय जाहिरात लावता येणार नाही म्हणतो.

घर १९३० च्या दशकातलं सेमी आहे, म्हणजे एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं. २०१४ मध्ये लॉफ्टमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) खोली काढली, पुढे बॉयलर बदलला. त्यामुळे आता सी मिळणारच असं आमच्या घरात सगळे धरून चाललेत. मला मात्र धाकधूक वाटते. तपासायला येणारा माणूस नेमकं काय बघतो? आधी काही करून ठेवायला हवं का? ज्यांनी अलीकडे हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. तिकिटं पुढच्या महिन्याच्या १८ तारखेची आहेत.

लेस्टरहून

अगं, धाकधूक वाटतेय ते बरंच आहे. माझ्यासारखं करू नकोस म्हणून लगेच लिहायला बसले.

आमचं जुनं टेरेस्ड घर, भरीव विटांच्या भिंतींचं. मागच्या खोलीत माझ्या सासूबाई झोपायच्या आणि हिवाळ्यात भिंतीला हात लावला तर बर्फ. ह्यांनी २०१६ साली त्या सगळ्या बाहेरच्या भिंतींना आतून इन्सुलेशन (उष्णता बाहेर जाऊ न देणारा थर) करून घेतलं. बरेच पैसे गेले, पण त्या वर्षी सासूबाईंची खोली पहिल्यांदा उबदार झाली. हे गेल्यावर घर विकायला काढलं. असेसर, म्हणजे ईपीसीसाठी तपासायला येणारा, आला, चांगला माणूस होता, भिंतीवर टकटक करून म्हणाला, आत काहीतरी आहे हे मलाही कळतंय, पण कागद आहे का? मला कुठे माहीत कागद! प्रमाणपत्रावर छापून आलं: भरीव वीट, इन्सुलेशन नाही, आणि पुढे कंसात 'गृहीत'. ई, ४९ गुण. ह्यांनी केलेलं काम जणू झालंच नव्हतं. मला फार लागलं ते.

मुलीने मग कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला (बांधकाम नियमांप्रमाणे झालं का ते तपासणाऱ्या खात्याला) पत्र लिहिलं. कामाची नोंद तिथे होती. पूर्णत्वाच्या दाखल्याची नक्कल मिळाली, मी परत पैसे भरून असेसरला बोलावलं आणि ६३ गुण आले. घर तेच, भिंत तीच, मधे फक्त एक कागद. तू आजच फाइल उघड.

मिल्टन कीन्सहून

नमस्कार,

मी गेली नऊ वर्षं हेच काम करतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

काकू, तुमच्याकडे आलेल्या असेसरची चूक नव्हती. जे डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याचा कागद नाही, ते आम्हाला लिहिता येत नाही. तिथे घराच्या वयावरून सॉफ्टवेअर अंदाज धरतं, आणि जुन्या घराचा अंदाज नेहमी वाईटच असतो. आमच्या कामाचं नंतर ऑडिट होतं, प्रत्येक नोंदीमागे फोटो किंवा दाखला दाखवावा लागतो.

स्लाऊच्या ताई, तुमच्या घरातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे ती २०१४ ची खोली. उतरत्या छताच्या आत काय भरलंय ते प्लास्टरबोर्डमुळे दिसत नाही. बिल्डिंग कंट्रोलचा पूर्णत्वाचा दाखला असेल तर खोली २०१४ च्या नियमांनुसार बांधली असं धरता येतं. नसेल तर १९३० च्या घराचंच छप्पर धरण्याची वेळ येऊ शकते. आपोआप सी होत नाही ते यामुळे.

दुसरी गोष्ट भिंत. बाहेर उभं राहून विटा बघा. सगळ्या विटांची लांब बाजूच दिसत असेल तर बहुतेक मधे पोकळी आहे. मधूनमधून विटेचं आखूड तोंड दिसत असेल तर भिंत भरीव. तुमच्या काळातल्या घरांत दोन्ही प्रकार सापडतात. पोकळी नंतर इन्सुलेशनने भरली असेल तर सांध्यांमध्ये रुपयाच्या नाण्याएवढी बुजवलेली भोकं ठरावीक अंतराने दिसतात. त्याचं बहुधा २५ वर्षांचं हमीपत्र असतं, आधीच्या मालकाच्या कागदांत शोधा.

खिडक्यांच्या दोन काचांमधल्या पट्टीवर पुष्कळदा साल छापलेलं असतं. २००२ च्या आधीची की नंतरची, याला महत्त्व आहे. बॉयलरच्या पाटीवरचं मॉडेल मला वाचता आलं पाहिजे, तेवढं कपाट रिकामं ठेवा. लॉफ्टचा जो भाग अजून मोकळा आहे तिथे जायची वाट मोकळी ठेवा, बॅगा आणि गणपतीच्या मखराचं सामान आम्ही हलवत नाही. वर फळ्या ठोकल्या असतील तर एक फळी सैल करून ठेवा, म्हणजे खालच्या इन्सुलेशनच्या लोकरीची जाडी मोजता येईल. २७० मिलिमीटर ही आजची शिफारस, पण १०० वर थांबलेली घरं मी दर आठवड्याला बघतो. ती जाडी वाढवणं हे सगळ्यात स्वस्त आणि उपयोगाचं काम आहे.

हॅलोजन दिवे काढून एलईडी लावा. गरम पाण्याची टाकी असेल तर तिला जाड जॅकेट घाला. बैठकीच्या खोलीत जुना गॅस फायर (गॅसची शेकोटी) नुसता लटकत असेल तर तोही हिशेबात येतो आणि गुण खातो. वापरत नसाल तर गॅस सेफ नोंदणी (गॅसचं काम करायचा अधिकृत परवाना) असलेल्या माणसाकडून काढून घ्या.

कायद्याचं थोडक्यात: भाड्याच्या घराला निदान ई लागतं. एप्रिल २०१८ पासून नव्या भाडेकरारांना, एप्रिल २०२० पासून चालू करारांनाही. ई म्हणजे ३९ ते ५४ गुण, सी सुरू होतं ६९ ला. २०३० पर्यंत भाड्याच्या घरांना सी लागावं अशा प्रस्तावावर सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकांची मतं मागवली होती, तेव्हा दोन वर्षांनी परत यायचं असलं तरी तिकडे लक्ष ठेवा. हे सगळं इंग्लंड-वेल्सचं. स्कॉटलंडचं रजिस्टर वेगळं आहे.

रेडिंगहून

दादा, माहिती उत्तम, पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे, कारण मी त्यात पोळलोय.

हे गुण घर गरम करायला, पाणी तापवायला आणि दिव्यांना किती खर्च येईल यावर ठरतात. माझा फ्लॅट मधल्या मजल्यावर आहे, वर-खाली-बाजूला सगळीकडे शेजारी. जानेवारीतही हीटर क्वचित लावावा लागतो. पण हीटर विजेचे, आणि वीज गॅसपेक्षा कितीतरी महाग, म्हणून मिळालं ई. आम्ही किती वीज वापरतो, फोडणीच्या वासासाठी दिवसातून किती वेळा खिडकी उघडतो, हे कुणी विचारत नाही. सगळ्यांना एकच ठरावीक कुटुंब धरून हिशेब होतो. एजंटच्या सांगण्यावरून मी घाईने खिडक्या बदलल्या आणि दोन गुण वाढले. दोन! नवीन प्रमाणपत्रातल्या शिफारशींच्या यादीत वरचं नाव हीटरचं होतं. ते आधी वाचलं असतं तर पैसे तिथे घातले असते.

म्हणून ताई, आधी कामं काढू नका. आधी प्रमाणपत्र घ्या, यादी वाचा, मग ठरवा.

मिल्टन कीन्सहून

खिडक्यांचं तुमचं अगदी बरोबर आहे, आणि एजंटने असा सल्ला देणं मला पटत नाही. मोठ्या कामांपुरतं मी तुमच्याशी सहमत. पण दिवे, जॅकेट आणि कागद आधीच, कारण यादी मिळाल्यावर ते केलं तर दुसऱ्यांदा फी भरावी लागते. आणि एक: ठरावीक कुटुंब धरतात ते घराला घराशी तोलता यावं म्हणून. उद्या तुमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर घरी असणारे आजी-आजोबा राहायला आले तर विजेचं बिल त्यांनाच भरायचंय. भाडेकरूला ते आधी कळायला हवं.

स्लाऊहून

मंडळी, काल असेसर येऊन गेला, पाऊण तास होता. आज रजिस्टरवर प्रमाणपत्र चढलं: सी, ७० गुण.

लॉफ्टचा दाखला आमच्या फाइलमध्ये नव्हता. बिल्डरचं बिल होतं, पण ते पुरत नाही म्हणाला. कौन्सिलला ईमेल केला, थोडी फी भरली, पाचव्या दिवशी नक्कल आली. दाखल्याशिवाय किती आले असते हे मी मुद्दाम विचारलं. ६४, म्हणजे डी. भिंतीत पोकळी आहे, पण भरलेली नाही, शिफारशींत पहिलं नाव तिचंच आहे. रेडिंगच्या दादांचं ऐकून ते काम आत्ता काढलं नाही, परत आल्यावर बघू. मागचं स्वयंपाकघर आधीच्या मालकाने वाढवलेलं, त्याचा कागद कुठेच मिळाला नाही, तिथे 'गृहीत' आलंच.

रजिस्टर सातबाऱ्यासारखं सगळ्यांना खुलं आहे, त्यामुळे नाशिकहूनही बघता येईल. बाकी दाखले, बॉयलरचे कागद आणि खिडक्यांची पावती एका फाइलमध्ये लावून शेजारच्या काकांकडे ठेवतेय, एक प्रत एजंटकडे.

लेस्टरच्या काकू, तुमचं पत्र आलं नसतं तर मी बिल्डरच्या बिलावरच थांबले असते. उद्या संध्याकाळी फोन करते.