युरोपच्या गटसहलीत पोशाख किती औपचारिक असावा?

प्रश्न : गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. मे महिन्याच्या अखेरीस मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघे युरोपच्या गटसहलीला निघत आहोत. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, व्हिएन्ना, तिथून स्वित्झर्लंड आणि शेवटी पॅरिस असा मार्ग ठरलेला आहे. संस्थेने दिलेल्या सूचनापत्रात पोशाखाविषयी ‘स्मार्ट कॅज्युअल’ एवढे दोनच शब्द आहेत आणि त्या दोन शब्दांवरून आमच्या घरात रोज चर्चा होते.

यजमानांची सगळी नोकरी बँकेत झाली. परदेशात आपण नीटनेटकेच दिसले पाहिजे, असे त्यांचे ठाम मत असल्यामुळे ब्लेझर, टाय आणि पॉलिशचे बूट त्यांनी बाजूला काढून ठेवले आहेत. मुलीचे म्हणणे असे, की तिकडे सगळे जीन्स आणि टी-शर्टमध्येच फिरतात, मग हे ओझे कशाला वाहायचे? सासूबाई सहावारी साडीखेरीज दुसरे काही नेसत नाहीत आणि या वयात त्यांनी पंजाबी ड्रेस घालावा असा आग्रह मला धरायचा नाही. व्हिएन्नात एक संगीताचा कार्यक्रम सहलीतच धरलेला आहे, तर पॅरिसमधला कॅबरे ऐच्छिक आहे. माणशी एकच मोठी बॅग न्यायची परवानगी आहे. गबाळे दिसायचे नाही आणि न वापरता परत येणारे कपडेही वाहून न्यायचे नाहीत, तर नेमके काय आणि किती घ्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर : सहलसोबती

ताई, सहल व्यवस्थापक म्हणून मी मराठी गटांबरोबर युरोपात जात असतो, त्यामुळे आपला प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. सर्वांत आधी लक्षात घ्यावे, की गटसहलीत सकाळी अंगात घातलेले कपडे रात्री हॉटेलवर परतेपर्यंत बदलता येत नाहीत. हॉटेल बहुधा शहराच्या बाहेर असते. सकाळी आठच्या सुमारास बस निघते आणि रात्रीचे जेवण उरकूनच ती परतते. मधल्या वेळात कपडे बदलण्यासाठी हॉटेलवर जाऊन यावे, असे पुष्कळांच्या मनात असते. पण युरोपीय संघाच्या नियमांनुसार चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते आणि दिवसाचे चालवण्याचे तास साधारणपणे 9 इतकेच असतात. या तासांची नोंद गाडीतल्या यंत्रात आपोआप होते, त्यामुळे आम्ही कितीही विनंती केली तरी चालकाचा नाइलाज असतो. म्हणून ‘दिवसाचे कपडे’ आणि ‘संध्याकाळचे कपडे’ असे दोन ढीग करू नयेत. ज्या कपड्यांत दोन-तीन तास चालता येईल, चर्चमध्ये जाता येईल आणि जेवायलाही बसता येईल, तेच कपडे घ्यावेत.

खरा नियम लागतो तो चर्चमध्ये, आणि तो स्त्रीपुरुष दोघांनाही सारखाच आहे. व्हॅटिकनमधील सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. बर्निनीने उभारलेल्या स्तंभांच्या कडेने रांग सरकते, सामानाची तपासणी होते आणि पुढे दाराशी उभे असलेले कर्मचारी कपड्यांवर नजर टाकून अर्ध्या विजारीतल्या माणसाला बाजूला काढतात. त्या वेळी गट पुढे गेलेला असतो आणि मला कोणालाही मदत करता येत नाही. व्हॅटिकन संग्रहालये आणि सिस्टिन चॅपल, फ्लोरेन्सचे मुख्य चर्च आणि व्हेनिसचे सेंट मार्क्स बॅसिलिका इथेही हाच नियम आहे. पुरुषांनी आत टोपी काढावी. मेअखेरीस रोममध्ये पारा 25 अंशांच्या आसपास किंवा वर असतो, त्यामुळे बिनबाह्यांचे कपडे घालावेसे वाटतात. ते जरूर घालावेत, मात्र सुती ओढणी किंवा पातळ शाल पर्समध्ये असू द्यावी. बसमध्ये ठेवलेली शाल उपयोगाची नाही, कारण बस आपल्याला सोडून लांबच्या वाहनतळावर गेलेली असते.

रात्रीची जेवणे बहुतेक भारतीय उपाहारगृहांत असतात आणि तिथे पोशाखाकडे कोणी पाहत नाही. ब्लेझर मात्र माझ्या मते घरीच राहू द्यावा.

उत्तर : डेक्कनकर (पुणे)

वरील उत्तरातील शेवटचे वाक्य सोडून बाकी सर्व मला मान्य आहे. ज्या गृहस्थांनी आयुष्यभर व्यवस्थित पोशाख केला, त्यांना सहलीसाठी नातवाच्या वयाचे कपडे घालायला लावले, तर ते प्रत्येक छायाचित्रात अवघडलेले दिसतील आणि अवघडलेला माणूस सहलीचा आनंद घेऊ शकत नाही. त्यांना ब्लेझर नेऊ द्यावा. फक्त तो पातळ, अस्तर नसलेला आणि गडद निळा किंवा राखाडी असावा, आणि बॅगेत न भरता विमानात अंगावरच घालावा. त्याच्या आतल्या खिशात पासपोर्ट आणि पैशांचे पाकीट सुरक्षित राहते. रोम आणि पॅरिसच्या गर्दीत खिसेकापूंचा उपद्रव असल्यामुळे ही सोय लहान समजू नये. आल्प्समध्ये संध्याकाळी गारवा आला की स्वेटरवर तोच ब्लेझर घालता येतो. टायची मात्र या सहलीत कुठेच गरज पडणार नाही.

बुटांविषयी मी अधिक आग्रहाने सांगेन. रोमच्या जुन्या भागात काळ्या दगडी ठोकळ्यांची फरसबंदी आहे. त्या ठोकळ्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात, मधल्या फटी बोटभर रुंद असतात आणि पाऊस पडून गेल्यावर कातडी तळव्याचा बूट त्यावर अक्षरशः घसरतो. शिवाय फ्लोरेन्ससारख्या शहरांत पर्यटकांच्या मोठ्या बसला जुन्या भागात जाता येत नाही, त्यामुळे उतरल्यापासून मुख्य चौकापर्यंत चालावेच लागते. काळ्या चामड्याचा, पण जाड रबरी तळव्याचा, दिसायला साधा बूट घ्यावा आणि निघण्याआधी तो महिनाभर रोज घालून पायाला सरावाचा करून घ्यावा. असा बूट थेट व्हेनिसच्या पुलांवर पहिल्यांदा घातला जाऊ नये, एवढी काळजी घ्यावी. बँकेत घालायचे चकचकीत बूट आणि रंगीबेरंगी स्पोर्ट्स शूज या दोन्हींच्या मधली ही निवड असून ती संगीताच्या कार्यक्रमालाही चालते.

उत्तर : डॅन्यूबकाठ (व्हिएन्ना)

मी नोकरीनिमित्त व्हिएन्नात राहते, म्हणून केवळ संगीताच्या त्या संध्याकाळपुरते लिहिते. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या मनात व्हिएन्नाचे जे चित्र असते, ते बहुतेक वेळा ऑपेरा बॉलचे असते. तो नृत्यसमारंभ अॅश वेन्सडेच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या) आधीच्या गुरुवारी स्टेट ऑपेरात होतो आणि तिथे पुरुषांना टेलकोट व स्त्रियांना पायघोळ गाऊन सक्तीचा असतो. एरवीच्या ऑपेरालाही इथली मंडळी, विशेषतः ज्येष्ठ, चांगले कपडे करून येतात. पण उभ्याच्या स्वस्त तिकिटावर आलेले विद्यार्थी जीन्समध्ये असतात आणि दोघेही एकाच सभागृहात तितक्याच शांततेने ऐकतात. गटसहलीत जो कार्यक्रम धरलेला असतो, तो बहुधा कुर्सालोन हे सभागृह किंवा शोनब्रुन राजवाड्याच्या ऑरेंजरीतील मोझार्ट आणि स्ट्राउस यांच्या रचनांचा, पर्यटकांसाठीचा असतो. तिथे इस्त्रीचा शर्ट आणि पूर्ण विजार पुरेशी आहे. आपल्या यजमानांनी ब्लेझर घातला, तर ते अजिबात वेगळे दिसणार नाहीत.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. ऑस्ट्रियात प्रादेशिक पोशाखाला सणावाराचा आणि मानाचा पोशाख मानतात. बायका डिर्न्डल (चोळीवजा झगा आणि एप्रन) घालून आणि पुरुष लोकरी ट्राख्टन जाकीट घालून लग्नाला तर जातातच, पण साल्झबर्गच्या प्रसिद्ध संगीत महोत्सवालाही जातात आणि तिथे तो पोशाख संध्याकाळच्या सुटाच्या बरोबरीचा समजला जातो. अशा लोकांना साडीचा मान वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आपल्या सासूबाई काठपदराची साडी नेसून आल्या, तर त्या रात्री सभागृहात सर्वांत उचित पोशाख त्यांचाच असेल. जड कोट आणि मोठ्या पिशव्या इथे बहुतेक सभागृहांत बाहेर गार्डरोबमध्ये (कोट-सामान ठेवण्याच्या जागी) ठेवाव्या लागतात; खांद्यावरची शाल मात्र आत नेता येते.

पॅरिसविषयी थोडक्यात : मुलाँ रूझसारख्या कॅबरेत अर्धी विजार, रबरी चपला आणि खेळाचे कपडे चालत नाहीत. व्हिएन्नासाठी जे आणाल, तेच तिथे घालावे.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांना ही उत्तरे वाचून दाखवली आणि टाय कपाटात परत गेला. आता एकच शंका उरली आहे. स्वित्झर्लंडमध्ये आम्हाला टिटलिस या बर्फाच्छादित शिखरावर नेणार आहेत. साडी नेसून बर्फावर जाणे सासूबाईंना जमेल का, की त्यांनी त्या दिवशी खाली पायथ्याच्या एंगेलबर्ग गावातच थांबावे?

उत्तर : इरकल (सोलापूर)

ताई, त्यांना खाली ठेवू नका. माझ्या आईला आम्ही साडीवरच टिटलिसवर नेले होते. वरचे स्थानक 3,000 मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि उन्हाळ्यातही तिथे पारा शून्याच्या आसपास किंवा खाली असू शकतो, पण केबल कारने वरपर्यंत जाता येते आणि स्थानकाची इमारत बंदिस्त आहे. परकराच्या आत थर्मलची लांब विजार घालावी आणि ब्लाउजऐवजी पूर्ण बाह्यांचा, गळ्याशी बंद असणारा पातळ लोकरी स्वेटरच ब्लाउजसारखा घालून त्यावर साडी नेसावी. साडी सिंथेटिक किंवा मिश्र धाग्याची असावी. सुती साडीची किनार ओली झाली, की दिवसभर पायांना गार लागत राहते. निऱ्या नेहमीपेक्षा चार बोटे वर घ्याव्यात आणि त्यांना आतून पिन लावावी, कारण केबल कारमध्ये चढताना-उतरताना आणि बसच्या उंच पायऱ्यांवर दोन्ही हात आधारासाठी मोकळे लागतात. पदर कमरेला खोचून वरून गुडघ्यापर्यंतचा कोट घातला, की वाऱ्याने काही उडत नाही. हाच स्वेटर आणि दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर व्हॅटिकनच्या दाराशीही चालेल, मात्र रोमच्या उकाड्यात स्वेटरऐवजी कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घालावा.

पायांसाठी आईला लोकरी मोजे आणि बंद बूट घेतले होते. सासूबाईंची जोडवी घट्ट असतील, तर मोज्यात ती टोचतात आणि थंडीत बोट दुखते, म्हणून अंगठा वेगळा असलेले मोजे घेऊ नका. साधे, सैल, जाड मोजे घ्या आणि बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठा निवडा. टिटलिसवरच्या बर्फाच्या गुहेतली वाट निसरडी असते. तिथे यजमानांनी त्यांचा हात धरावा आणि घाई करू नये.