व्हीनेट (व्हर्च्युअल नेटवर्क) हलवल्यावर परवानग्या जातात, कोड तपासताना काय बघू?

पर्वरीकर: अझुरवरची (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) व्हर्च्युअल नेटवर्क्स दुसऱ्या रिसोर्स ग्रुपमध्ये (साधनं एकत्र ठेवायचा गट) न्यायचीत, टीममधल्या पोराने स्क्रिप्ट लिहिलीय, आधी रोल असाइनमेंट (कोणाला कसली परवानगी आहे ते) वाचते, मग मूव्ह, मग नेटवर्कच्या जुन्याच आयडीवर परत लावते. टेस्टला चालली पण मला पटत नाहीये आणि चवथीच्या सुट्टीआधी मर्ज करायचंय. कोणी केलंय का हे?

म्हापशातून: जुन्या आयडीवर? तिथेच चूक आहे रे. ग्रुप बदलला की आयडी बदलतो, आणि थेट नेटवर्कवर किंवा सबनेटवर (नेटवर्कचा आतला भाग) दिलेले रोल सोबत येत नाहीत, अनाथ पडून राहतात, नव्या आयडीवर परत द्यावे लागतात. सबनेट हमखास विसरतात लोक. टेस्टमध्ये बहुतेक सगळे रोल सबस्क्रिप्शनवर, म्हणजे रिसोर्स ग्रुपच्याही वरच्या पातळीवर असतील म्हणून चाललं. रिसोर्स ग्रुपकडून वारशाने आलेले मात्र थेट नेटवर्कवर लावू नको, उद्या ग्रुपवरून काढले तरी माणसाकडे ॲक्सेस राहील, आणि नव्या ग्रुपवर आधीच कोणाकोणाला काय आहे तेही बघ, हे फार महत्त्वाचं.

फोंड्याचा: वरचं बरोबर. शिवाय वाचलेली यादी मूव्हआधी फाईलमध्ये लिहिते का बघ. आमच्याकडे पावसात लाईट गेली, स्क्रिप्ट मध्येच मेली आणि यादी फक्त मेमरीत होती, रात्रभर आठवून आठवून रोल लावले. परत चालवल्यावर 'आधीच आहे' असा 409 एरर आला तर पुढे जायला हवं, थांबायला नको. पीअरिंग (दोन नेटवर्क्सची जोडणी) असेल तर मूव्हआधी काढावं लागतं.

पर्वरीकर: सबनेटचं खरंच नाहीये त्यात! आजच परत पाठवतो, देव बरें करूं.