मदत हवी आहे: अभ्यासाच्या मध्यावर एमआरआय यंत्र बदलले असेल, तर मेंदू आकसण्याचा वेग कसा काढावा?

नमस्कार. संख्याशास्त्र आणि वैद्यकीय प्रतिमा या दोन्ही विषयांतील जाणकार येथे आहेत, म्हणून हा प्रश्न मांडत आहे.

अमेरिका आणि कॅनडात २००४ साली सुरू झालेल्या ‘अ‍ॅडनी’ या अल्झायमरविषयक प्रकल्पाची माहिती संशोधकांना अर्ज केल्यावर मिळते. तिच्यातील हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतील स्मृतीशी निगडित भागाच्या) मोजमापांवरून निरोगी वृद्ध, एमसीआय म्हणजे सौम्य स्मृतिदोष असलेले आणि अल्झायमरचे निदान झालेले, अशा तीन गटांमध्ये हा भाग किती वेगाने आकसतो याची तुलना मला करायची आहे. प्रकाशित अभ्यासांनुसार निरोगी वृद्धांमध्ये हा वेग वर्षाला साधारण एक ते दीड टक्का, तर अल्झायमरमध्ये चार ते पाच टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे ज्या फरकाच्या मागे आपण आहोत तो वर्षाला तीन-साडेतीन टक्क्यांचा, आणि मोजमाप जरासे सरकले तरी तो झाकला जाऊ शकतो.

‘आर’ या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधील ‘एलएमई४’ हे पॅकेज वापरून मी मिक्स्ड मॉडेल (गटाचा सरासरी कल आणि व्यक्तीव्यक्तींमधील फरक एकत्र मांडणारे मॉडेल) बसवले असून त्यात प्रत्येक व्यक्तीला स्वतःचा इंटरसेप्ट (सुरुवातीची पातळी) आणि स्वतःचा उतार (बदलाचा वेग) आहे. काळ म्हणून नुसते वय घेतलेले नाही. तसे केले की साठीतला एक माणूस आणि ऐंशीतला दुसरा माणूस यांच्यातील फरक, आणि एकाच माणसात चार-पाच वर्षांत झालेला बदल, हे दोन्ही एकाच गुणकात कोंबले जातात. ते सारखे असतीलच असे नाही, कारण ऐंशीव्या वर्षी स्वतःहून अशा अभ्यासात येणारी माणसे बहुधा मुळातच काटक असतात. म्हणून पहिल्या भेटीच्या वेळचे वय आणि त्यानंतर गेलेली वर्षे ही दोन चले वेगळी ठेवली आहेत. लिंग, शिक्षण आणि कवटीतील एकूण आकारमान हीदेखील मॉडेलमध्ये आहेत.

इथपर्यंत ठीक आहे. खरी अडचण अशी की पहिल्या टप्प्यात सर्वांचे स्कॅन १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचे एकक) यंत्रावर झाले, आणि २०११ पासूनच्या ‘अ‍ॅडनी-२’ मध्ये ते ३ टेस्लावर होऊ लागले. भरीस भर म्हणजे तयार तक्त्यांमधील जुन्या स्कॅनची मोजमापे फ्रीसर्फर या स्कॅनवरून मेंदूच्या भागांचे आकारमान काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ४.३ आवृत्तीने काढलेली आहेत आणि नव्यांची ५.१ ने. परिणाम असा, की सत्तरी ओलांडलेल्या काही व्यक्तींचा हिप्पोकॅम्पस तीन वर्षे सातत्याने आकसतो आणि पुढच्या भेटीत चक्क वाढलेला दिसतो. या वयात असे होत नाही, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही.

यंत्रासाठी ०-१ असे एक चल (जुने यंत्र ०, नवे १) घातल्यास ही उडी मॉडेलमध्ये सामावते खरी, पण यंत्र आणि काळ एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की उताराच्या आकड्यावर भरवसा बसत नाही. शिवाय काही उपगटांत इंटरसेप्ट आणि उतार यांचा सहसंबंध थेट −१ येतो आणि ‘सिंग्युलर फिट’ची, म्हणजे उपलब्ध माहितीच्या मानाने मॉडेल जास्त गुंतागुंतीचे असल्याची, सूचना मिळते. अशा वेळी उताराचा रँडम भाग, म्हणजे प्रत्येक व्यक्तीचा वेगळा उतार, काढून टाकावा काय? मध्येच अभ्यास सोडून गेलेल्यांचे काय करावे, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद

आपण मॉडेलपासून सुरुवात केली आहे, मी मोजमापांपासून करेन. तयार तक्ते बाजूला ठेवा, मूळ प्रतिमा उतरवून घ्या आणि सर्व स्कॅन फ्रीसर्फरच्या एकाच आवृत्तीतून काढा. एका स्कॅनला काही तास लागतात, तेव्हा संगणक दीर्घकाळ अडकून पडेल, पण दोन आवृत्त्यांमधील फरक नंतर मॉडेलने धुऊन काढण्यापेक्षा हे बरे. व्यक्तीचे सर्व स्कॅन एकत्र करून साचा बनवणारी दीर्घकालीन पद्धत वापरत असाल, तर १.५ आणि ३ टेस्ला एकाच साच्यात मिसळू नका. दोन्हींचा कॉन्ट्रास्ट (प्रतिमेतील उजळ-गडद भागांतील फरक) वेगळा असतो.

यंत्राच्या उडीसाठी एक आयती सोय त्याच प्रकल्पात आहे. पहिल्या टप्प्यातील सुमारे एक चतुर्थांश व्यक्तींचे १.५ टेस्लासोबत ३ टेस्लावरही स्कॅन झाले होते. त्या जोड-स्कॅनमध्ये माणूस तोच आणि काळही जवळपास तोच, त्यामुळे जो फरक दिसेल तो यंत्राचाच. आपल्या ०-१ चलाचा गुणक या फरकाशी जुळतो का ते पाहा. आकारमानाचा लॉगॅरिदम घेतल्यास उडी टक्क्यांमध्ये वाचता येते, आणि आकसलेल्या व न आकसलेल्या हिप्पोकॅम्पसना एकच दुरुस्ती लावणे अधिक रास्त ठरते.

एक गोष्ट मात्र सहज नजरेआड होते. सुरुवातीलाच अल्झायमर असलेल्यांचा पाठपुरावा पहिल्या टप्प्यात दोनच वर्षांचा ठरलेला होता, म्हणून यंत्रबदल त्यांच्या वाट्याला आलाच नाही. तो निरोगी आणि एमसीआय गटांतच आहे. त्यामुळे दुरुस्ती चुकली तर चूक फक्त दोन गटांच्या उतारात शिरेल आणि तुमची तुलनाच वाकडी होईल. केवळ १.५ टेस्लाच्या वर्षांवर तेच मॉडेल पुन्हा चालवा. गटांमधील फरक तेथे टिकत नसेल, तर मी तो प्रसिद्ध करणार नाही.

रँडम उतार सरसकट काढू नका. तो काढला की गटाच्या उताराची प्रमाणित त्रुटी (अंदाजातील अनिश्चिततेचे माप) खोटी लहान होते. आधी काळाचा शून्यबिंदू भेटींच्या मध्यावर आणा, तरीही सूचना येत राहिली तर फक्त सहसंबंध शून्य धरा. एकच स्कॅन असलेल्यांना वगळू नका, ते इंटरसेप्टला हातभार लावतात.

सोडून गेलेल्यांबाबत: त्यांचे जाणे आधीच्या नोंदलेल्या मोजमापांवरून समजण्याजोगे असेल, तर मिक्स्ड मॉडेल ते सांभाळून घेते. न नोंदलेल्या घसरणीमुळे ते गेले असावेत अशी शंका असेल, तर मोजमापे आणि गळती एकत्र बसवणारे जॉइंट मॉडेल चालवून उतार किती हलतो ते पाहा. दोन वर्षांनी थांबलेल्या अल्झायमर गटाला मात्र गळतीत मोजू नका.