अनुभव धागा: 'न्यू वेव्ह' ही पाश्चात्त्य पॉपची लाट तुमच्यापर्यंत कुठल्या वाटेने आली?

मंडळी,

२००३ सालची गोष्ट. लंडनमध्ये एका सुपरमार्केटात कांदे निवडत होतो. छतातल्या स्पीकरवर एक गाणं लागलं आणि मी मित्राला मोठ्यांदा म्हणालो, "ऐक, 'डिस्को डान्सर'मधलं गाणं चोरलंय यांनी!" मित्र तेव्हा काही बोलला नाही. घरी येऊन त्याने कॉम्प्युटर लावला. बगल्स नावाचा ब्रिटिश बँड, 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार', १९७९. 'डिस्को डान्सर' १९८२चा. म्हणजे गणपतीच्या मांडवात ज्या 'औवा औवा'वर आम्ही नाचलो ते पाहुणं होतं, आणि यजमानालाच मी चोर म्हणत होतो. १ ऑगस्ट १९८१ला अमेरिकेत एमटीव्ही हे गाण्यांचं चॅनेल सुरू झालं तेव्हा पहिला व्हिडिओ याच गाण्याचा लावला होता, हेही त्याच रात्री कळलं.

मग नादच लागला. पंक रॉकचा आरडाओरडा ओसरताना जे आलं, सिंथेसायझर, आखूड गाणी, कोरडा आवाज, विचित्र केस, त्याला न्यू वेव्ह म्हणतात. नाव फ्रेंच सिनेमाच्या नवलाटेवरून उचललेलं. सायर रेकॉर्ड्सच्या सीमूर स्टाइन यांनी ते जोरात चालवलं, कारण 'पंक' म्हटलं की रेडिओवाले दचकायचे. थोडक्यात, माल तोच, वेष्टन बदललेलं. टॉकिंग हेड्स, ब्लाँडी, डेव्हो, ह्यूमन लीग, डेपेश मोड, न्यू ऑर्डर... कोण आत आणि कोण बाहेर यावर भांडायला हा धागा नाही. (भांडाल, ठाऊक आहे.)

तुमचा अनुभव लिहा. कुठे ऐकलं, काय समजलं, काय समजलं नाही. न्यू वेव्ह नसली तरी त्या दशकातलं काहीही चालेल.

वाडीतला

गिरगावात आमच्या वाडीसमोर कॅसेट भरून देणारा एक होता. कोरी टीडीके आपण न्यायची, सोबत गाण्यांची यादी. आठवड्याने कॅसेट तयार. मला इंग्रजी गाणी माहीत नव्हती म्हणून सांगायचो, "फास्ट भरा." १९८४मध्ये एक कॅसेट आली, तिच्या कागदावर ए बाजूला शेवटी बॉलपेनने लिहिलं होतं: न्यू ऑर्डर – ब्लू मंडे. मला वाटलं 'न्यू ऑर्डर' ही दुकानाची नोंद, नवीन गिऱ्हाइकाची. गाण्याचं नाव काय ते ब्लू मंडे. कितीतरी वर्षं मी ते 'बँडचं नाव माहीत नाही' म्हणून लोकांना ऐकवत होतो.

दुसरी गंमत. ते गाणं साडेसात मिनिटांचं. साठच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, त्यामुळे चौथ्या मिनिटाला खट्, टेप संपली. माझ्यासाठी गाणं तिथेच संपायचं. पुढे कधीतरी पूर्ण ऐकलं तर चौथ्या मिनिटाला हात आपोआप कॅसेट उलटायला पुढे गेला.

अवांतर: त्या रेकॉर्डचं वेष्टन डिझायनर पीटर सॅव्हिल यांनी फ्लॉपी डिस्कसारखं केलं होतं, भोकांसकट. ते इतकं महाग पडलं की खपेल तेवढा तोटा, अशी दंतकथा आहे. माझ्या हातात मात्र बॉलपेनने लिहिलेला कागदच होता.

एक वाचक

पोलीस हा बँड मार्च १९८०मध्ये मुंबईत वाजवून गेला. माझा मामा गेला होता. 'कसं होतं?' विचारलं की अजूनही एकच उत्तर, "तिघंच होते रे, पण आवाज केवढा!"

कव्हेंट्रीची लेक

आम्ही इंग्लंडातल्या कव्हेंट्रीचे. बाबा तिथे डॉक्टर. १९८१मध्ये मी तेरा वर्षांची होते. ज्यावर लिहिणार आहे त्याला न्यू वेव्ह म्हणायचं की स्का (जमैकाचं नाचाचं संगीत), ते तुम्ही ठरवा. आमच्या शहरात त्याला टू-टोन म्हणायचे. काळे-पांढरे चौकोन, बिल्ला, आखूड पँट. द स्पेशल्स आमच्याच गावचे. बँडमध्ये काळे आणि गोरे एकत्र, आणि हे तेव्हा सहज नव्हतं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये शहराच्या मध्यात भरदिवसा एका शीख विद्यार्थ्याचा खून झाला. वीस वर्षांचा होता. त्यानंतर आई मला आणि दादाला बसने जाऊ देईना. बाबा ड्यूटीवर जाण्याआधी शाळेत सोडायचे आणि दादाला ते मरणाचं लाजिरवाणं वाटायचं. गाड्यांचे कारखाने माणसं कमी करत होते. बाबांचे पेशंट झोपेच्या गोळ्या मागायला यायचे, हे मला बऱ्याच नंतर कळलं.

जूनमध्ये 'घोस्ट टाउन' आलं, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला वंशद्वेषाविरुद्ध स्पेशल्सनी शहरात कार्यक्रम केला. दादा 'अभ्यासाला' म्हणून गेला. रात्री आला तेव्हा बाबा दार उघडून उभे. मला वाटलं आता पट्टा निघणार. बाबांनी विचारलं, "किती लोक होते?" दादा म्हणाला, "जास्त नव्हते." बाबा म्हणाले, "हं," आणि आत गेले. त्या 'हं'चा अर्थ आम्ही दोघं अजून लावतोय.

जुलैमध्ये गाणं तीन आठवडे पहिल्या नंबरावर होतं. त्याच आठवड्यांत ब्रिक्स्टन, टॉक्स्टेथ, मॉस साइड या शहरी वस्त्या दंगलींनी पेटलेल्या. गुरुवारी टीव्हीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'वर गाणं आणि बातम्यांत जळणाऱ्या गाड्या. ट्रॉम्बोन कण्हतो, मागे बायकांच्या हुंकारासारखा कोरस. आई म्हणायची, "बंद करा ते, भूत लागल्यासारखं वाटतं." बरोबरच होतं तिचं. काही महिन्यांत बँड फुटला. बिल्ला माझ्याकडे आहे, दादाला सांगू नका.

ओहायो ८२

मी १९८२मध्ये अ‍ॅक्रनला एमएसला गेलो. विषय पॉलिमर, कारण ते गाव रबराचं. टायरच्या कंपन्या तिथल्याच, पण मी पोचलो तोवर कारखान्यांवर कुलपं चढू लागली होती. शेजारच्या खोलीतल्या मुलाच्या टीव्हीवर डेव्हो दिसले: पाच माणसं, डोक्यावर लाल, पायऱ्यापायऱ्यांची उलटी कुंडी. मला वाटलं विदूषक आहेत. पत्रात घरी तसं लिहिलंसुद्धा.

ते अ‍ॅक्रनचेच, हे त्याच मुलाने सांगितलं. आणि मग जवळच्या केंट स्टेट विद्यापीठात घेऊन गेला. ४ मे १९७०ला तिथे नॅशनल गार्डने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, चार मेले. डेव्होचे जेरल्ड कसाले तेव्हा तिथे विद्यार्थी होते आणि मेलेल्यांपैकी दोघांना ओळखत होते. माणूस पुढे जात नाहीये, मागे चाललाय, हा त्यांचा 'डी-एव्होल्युशन'चा विनोद तिथून आला. पार्किंगच्या जागेत उभा होतो, भयंकर थंडी. त्या कुंडीला हसणं मी तरीही थांबवलं नाही, आणि थांबवू नये असंच मला वाटतं. ती हसण्यासाठीच होती.

ठेका

वडील भजनी मंडळात तबला वाजवायचे. मी ह्यूमन लीगचं 'डोन्ट यू वाँट मी' लावलं की ते हातातलं काम टाकून ऐकायचे. गाणं नव्हे, फक्त ठोका. एकदा म्हणाले, "तबलजी चांगला आहे, पण गाणाऱ्याकडे बघत नाही." ड्रम मशीनबद्दल इतकं नेमकं मी पुढे कुठे वाचलं नाही.

आता मुद्द्याचं. १९८२मध्येच मुंबईत चरणजित सिंग यांनी 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' काढली. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा माणूस. रोलँडची तीन यंत्रं घेतली: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३. यातलं ३०३ खरं तर एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेलं, आणि ते सपशेल आपटलं. चरणजितनी त्यावर भैरव, ललित वाजवले. रेकॉर्ड खपली नाही. शिकागोतली पोरं त्याच यंत्रातून अ‍ॅसिड हाउस नावाचं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत काढणार होती, त्याला अजून काही वर्षं होती. २०१०मध्ये ती रेकॉर्ड परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं, आणि आम्हीही जगाकडूनच ऐकलं. वडील तोवर नव्हते. 'ललित'ला त्यांनी काय म्हटलं असतं, कोण जाणे. सम सापडली असती बहुतेक.

सांगलीकर

एक भर. ब्लँकमांज या ब्रिटिश सिंथ-पॉप जोडीतले स्टीफन लस्कम यांनी वेस्ट इंडिया कंपनी नावाचा उद्योग काढला. १९८४च्या त्यांच्या 'आवे मारिया'वर आवाज कोणाचा? सांगलीत जन्मलेल्या आशाताईंचा. म्हणजे आपण न्यू वेव्हला 'आलेली' म्हणतोय, तर आपल्याकडचंही काही तिकडे गेलं होतं.

बिनाटेप

सगळं छान, पण जरा खरं बोलू. हे दशक ज्यांच्या घरी टू-इन-वन (रेडिओ-कम-टेप) होता त्यांचं. फलटणजवळ आमच्या गावात ८५ साली कॅसेट म्हणजे प्रल्हाद शिंदे, आणि तीही लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकरवर. इंग्रजी गाणं हा शब्दच इंग्रजीच्या मास्तरांचा. मला न्यू वेव्ह पुण्याच्या हॉस्टेलात, १९९६मध्ये भेटली, तीही रूममेटच्या तोंडून अपमान म्हणून: "तुला डेपेश मोड माहीत नाही?" आता माहीत आहे. आवडत नाही.

धागाकर्ता

@बिनाटेप, मान्य. मांडवातला प्रल्हाद शिंदे आमच्याही वाट्याला आला आणि कुठलाच सिंथेसायझर त्याच्या आवाजाला पुरला नसता. गोव्यातलं कुणी आहे का? रेमो फर्नांडिस यांनी 'गोवन क्रेझी' घरीच रेकॉर्ड केली आणि स्कूटरवरून फिरून विकली, त्यावर कुणी लिहा की.

साचेखाता

उशिरा लिहितोय. वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत. अडीच लाख माणसं घरी बसली. आमच्याकडे दुबईहून काकाने आणलेला टू-इन-वन होता, तो एप्रिलात विकला. @बिनाटेप, तेव्हापासून मीही तुमच्याच बाजूला.

२००५मध्ये आयटीच्या कामाने मँचेस्टरला गेलो. ऑफिसातला एक गोरा, माझ्याच वयाचा, मला हासिएंडा दाखवायला घेऊन गेला. न्यू ऑर्डर आणि त्यांची रेकॉर्ड कंपनी फॅक्टरी रेकॉर्ड्स यांच्या पैशांवर चाललेला नाइट क्लब, सुरू झाला २१ मे १९८२ला. आमचा टू-इन-वन विकून महिना झाला होता. तिथे आता फ्लॅट आहेत, नाव तेवढं हासिएंडा ठेवलंय. तो हळहळत होता. मी म्हटलं, आमच्याकडे उलटं झालं. गिरणीच्या जागी क्लब आले. तो हसला, मग गप्प झाला. त्याचा आजा सूतगिरणीत होता.

त्याने मला जॉय डिव्हिजन, म्हणजे न्यू ऑर्डरचा आधीचा अवतार, ऐकायला दिलं, मग न्यू ऑर्डर. दोन्हींतल्या स्टीफन मॉरिसचं ड्रमिंग ऐकून लोक म्हणतात, माणूस यंत्रासारखा वाजवतो. मला ते यंत्र ओळखीचं वाटलं. डबा द्यायला गेलो की गिरणीच्या फाटकाबाहेरही तो आवाज यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. बाबांना विज्ञान आणि उद्योगाच्या म्युझियममध्ये नेलं. तिथे जुने साचे चालवून दाखवतात. पर्यटक कानांवर हात ठेवून उभे होते. बाबा दोरीपर्यंत पुढे गेले, मान तिरकी करून थोडा वेळ ऐकलं आणि मला म्हणाले, "त्याला सांग, धोटा उशिरा येतोय." मी गाइडला सांगितलं. तो म्हणाला, सकाळपासून त्रास देतोय खरा, आणि पाना आणायला गेला.