भावाला धरलंय, अटकेचा कागद बरोबर आहे का बघून सांगा

उद्यमनगरचा_लेथवाला:
नमस्कार. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. कोर्टाची पायरी घरात आजवर कुणी चढलेलं नाही. धाकटा भाऊ, वय २३, फुटबॉलच्या मॅचनंतर दोन तालमींच्या पोरांत झालेल्या मारामारीत सापडला. समोरच्या पोराच्या डोक्याला सहा टाके पडलेत. कलम लावलंय बीएनएस (भारतीय न्याय संहिता) ११८(१), धोकादायक हत्यारानं दुखापत केल्याचं.
गुरुवारी भावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ठाण्यातून नोटिशीची पीडीएफ आली. त्यानं उघडून बघितली, पण घाबरून गेला नाही. शनिवारी रात्री घरातनं उचलला. आईला एवढंच सांगितलं, "चौकशीला नेतोय." रविवारी सुट्टीच्या कोर्टात हजर केलं, दोन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. हातात एक छापील फॉर्म दिलाय. त्यात "तपासासाठी आवश्यक", "पुरावा नष्ट करू नये म्हणून" अशा ओळींपुढं बरोबरच्या खुणा आहेत. त्याचं नाव तेवढं पेनानं लिहिलंय.
आमचे वकील म्हणाले, मुद्दा चांगला आहे. पण शेजारचे म्हणतात, असल्या कागदानं काय होत नाही. खरं काय?

रंकाळा_सकाळ_संध्याकाळ:
भावा, २०१९ ला माझ्या मेव्हण्याच्या वेळी असला कागदसुद्धा दिला नव्हता. कोण विचारतंय?

बावड्याच्या_कोर्टातली:
मी विचारते. २२ वर्षं फौजदारीच करते, तर जरा लांबण लावणार आहे.
लेथवाले दादा, आधी व्हॉट्सअ‍ॅपचं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, हे अर्नेश कुमार निकालापासून म्हणजे २०१४ पासून चालू आहे. ११८(१) ला शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ही नोटीस आता बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम ३५ खाली निघते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सतेंदर अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. निळी टिक म्हणजे बजावणी नव्हे. "नोटीस देऊनही आला नाही" हे अटकेचं कारण लिहिलं असेल, तर तुमच्या वकिलांनी तिथंच पाय रोवावा.
आता फॉर्म. २०२३ मध्ये पंकज बन्सल निकालात ईडीच्या अटकेपुरतं ठरलं की कारणं लेखी द्यायची. मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ यांच्या केसमध्ये कोर्टानं फरक समजावला. तुमच्यासारख्या फॉर्मवरच्या ओळी कुठल्याही आरोपीला लागू पडतात. ह्याच माणसाला का धरलं, त्यानं काय केल्याचा आरोप आहे, हे त्याच्या नावानिशी वेगळं लिहावं लागतं. पुढं विहान कुमार निकाल आला, फेब्रुवारी २०२५ चा: कारणं कळवली नाहीत तर अटकच बेकायदा, आणि घरच्यांनाही नीट कळवायचं. "चौकशीला नेतोय" हे नीट कळवणं नव्हे.
नोव्हेंबर २०२५ मध्ये वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या केसमध्ये, मिहिर शाह वि. महाराष्ट्र, हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. आरोपीला समजेल त्या भाषेत लेखी, आणि लगेच जमलंच नाही तर रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला, कोर्टात उभं करण्याच्या किमान दोन तास आधी. भाषेची गोष्ट आपल्याकडं फार लागते. गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतल्या बिहारी पोराला मराठी कागद देऊन अंगठा घेतलेला मी डोळ्यांनी बघितलाय.
म्हणून हजर केलेल्या पोराला मी पहिलं विचारते: कागद कधी हातात आला? आणि ठाण्यात भेट झाली तर सांगून ठेवते, सही केलीस की खाली स्वतःच्या हातानं वेळ टाक.
पण हुरळून जाऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये अभिनेता दर्शनचा जामीन रद्द करताना त्याच न्यायालयानं म्हटलं होतं की लेखी कारणं नाहीत एवढ्यानं अटक आपोआप बेकायदा होत नाही, आरोपीचं नुकसान काय झालं ते दाखवा. सरकारी वकील तेच वाचून दाखवणार. शिवाय अटक बेकायदा ठरली म्हणून केस संपत नाही. लेखी कारणं देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात.

तालमीचा_जुना_पोरगा:
सगळं आरोपीसाठीच. ज्याचं डोकं फुटलं त्याचं काय?

बावड्याच्या_कोर्टातली:
त्याची फिर्याद आहे तिथंच आहे दादा. साक्षीदार तपासले जातील, डॉक्टरांचा दाखला येईल, शिक्षा व्हायची तर होईल. धरताना कागद नीट दिला म्हणून त्याचा एक टाकासुद्धा कमी होत नाही.

रंकाळा_सकाळ_संध्याकाळ:
खालच्या कोर्टानं नाही ऐकलं तर हायकोर्टासाठी मुंबईला पळायचं का? मेव्हण्याच्या वेळी महालक्ष्मी एक्सप्रेसनं फायली घेऊन तीन खेपा मारल्यात.

बावड्याच्या_कोर्टातली:
ते दिवस गेले. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात आहे, सीपीआर दवाखान्यासमोर जुन्या कोर्टात. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचीही माणसं तिथंच येतात. पार्किंगला जागा नाही, ते वेगळं.
आणि फीचं ओझं होत असेल तर १५१०० ला फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

उद्यमनगरचा_लेथवाला:
वकील ताई, तुमचं वाचून फॉर्म परत काढला. भावाच्या सहीखाली कुणीतरी वेळ टाकलीय, १०.४०. अक्षर त्याचं नाही. आणि कोर्टात त्याला उभा केला तेव्हा मी मोबाईल बघितला होता, ११.१५ झाले होते. फोटो टाकू का इथं?

बावड्याच्या_कोर्टातली:
अजिबात नको. फॉर्म प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला, त्यावर पेनसुद्धा टेकवू नका. उद्या सकाळी तुमच्या वकिलांना अस्सल दाखवा आणि रविवारच्या रिमांड रिपोर्टची, आदेशाची नक्कल मागायला सांगा. ही ३५ मिनिटं त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा.