‘वाळलेले गवत’ आणि ‘वाळवलेले गवत’ : सशाचा चारा नेमक्या कोणत्या शब्दाने मागावा?

प्रश्न (जळगाव शहर)

आमच्या घरी दोन ससे आणि एक गिनिपिग आहे. त्यांच्यापुढे दिवसभर ‘हे’ (इंग्रजीतले hay, म्हणजे सुकवलेले गवत) राहू द्या, असे पशुवैद्यांनी सांगितले. परदेशी टिमोथी गवताच्या पिशव्या ऑनलाइन मिळतात, परंतु दर महिन्याला तो खर्च परवडण्यासारखा नाही आणि चहूबाजूंनी शेती असलेल्या जिल्ह्यात गवत परदेशातून मागवावे हेही मनाला पटत नाही. अडचण अशी की, ही वस्तू मागायची कोणत्या नावाने, हेच कळत नाही. मराठीत ‘सशाला हे द्या’ असे लिहिले, तर वाचणारा ‘हे म्हणजे काय?’ असेच विचारणार. ‘सुका चारा’ मागितला, तर समोर कडबा येतो. ‘घास’ म्हटले, तर लसूणघासाची हिरवी जुडी हातात पडते. ‘वाळलेले गवत’ म्हटल्यावर जे मिळाले ते पिवळे, काटक्यांसारखे होते आणि सशांनी ते हुंगून सोडून दिले. खानदेशात गुरे पाळणाऱ्या माणसाला कोणता शब्द वापरला, म्हणजे योग्य वस्तू मिळेल?

उत्तर (चोपडा तालुका, शेतकरी)

ताई, आमच्याकडे ‘चारा’ हा फार मोठ्या पोटाचा शब्द आहे, त्यात ओले, सुके, पिकाचे, रानाचे सर्व मावते. ‘वैरण’ हा शब्दही तितकाच व्यापक आहे, मात्र तो आमच्या बोलण्यात कमी आणि कृषी खात्याच्या पत्रकांत अधिक आढळतो. नुसता ‘सुका चारा’ मागितला, की खानदेशातला शेतकरी कडबाच दाखवणार, कारण रब्बीची दादर ज्वारी काढल्यावर उरणारा कडबा हाच इथला मानाचा सुका चारा आहे. कणीस खुडून झाल्यावर उरलेले ताट (ज्वारीचे खोड) म्हणजे कडबा. गव्हाची मळणी झाल्यावर उरते ते भूस किंवा भुसा. हरभरा, तूर यांच्या मळणीतून निघते ते कुटार. नवापूरकडच्या भातपट्ट्यात तणस किंवा पेंढा मिळतो. या सर्वांत समान गोष्ट एकच, ती म्हणजे दाणा काढून घेतल्यावर मागे राहिलेला भाग. तुम्हाला हवी असलेली वस्तू या कुळातली नाही. ती दाण्यासाठी पेरलेलीच नसते.

‘भुसा’ मागतानाही सावध राहावे. वखारीत तो लाकडाचा असतो आणि खळ्यावर गव्हाचा. पिंजऱ्यात अंथरण्यासाठी कोणी भुसा सुचवला असेल, तर कोणता ते आधी विचारून घ्यावे.

‘कुट्टी’ हे पदार्थाचे नाव नसून रूपाचे नाव आहे. यंत्रातून बारीक कापलेला कोणताही चारा म्हणजे कुट्टी. ‘मुरघास’ या शब्दात घास असला, तरी तो हिरवा मका कापून, दाबून, हवाबंद करून आंबवलेला चारा असतो. दूधवाल्याकडे ‘घास आहे का’ असे विचारले आणि त्याने मुरघासाची पिशवी दाखवली, तर त्यात त्याचा दोष नाही.

उत्तर (अमळनेर, निवृत्त मराठी शिक्षक)

भाऊंनी नामे उत्तम उलगडली आहेत, परंतु माझ्या मते घोटाळा विशेषणात आहे. ‘वाळणे’ हे अकर्मक क्रियापद आहे; वस्तू आपली आपण वाळते. ‘वाळवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप आहे. तेथे वाळवणारा कोणीतरी असतो आणि त्याने वेळ निवडलेली असते. बांधावरचे गवत फुलते, बी गळते, मार्गशीर्षात ते उभ्या उभ्या पिवळे पडते आणि मग कोणी ते कापून आणते, तेव्हा ते वाळलेले गवत असते. तेच गवत भाद्रपद-आश्विनात, फुलोरा नुकताच दिसू लागला असताना हिरवे कापून, दोन-तीन दिवस उन्हात पसरून, वरखाली करून कोरडे केले, म्हणजे ते वाळवलेले गवत होते. नुसते ‘वाळलेले गवत’ म्हटले, तर ऐकणाऱ्यास दोन्ही अर्थ मोकळे राहतात आणि तो हाताशी असलेले स्वस्त गवत देऊन मोकळा होतो.

अहिराणीत हा भेद अधिक ठळक ऐकू येतो. ‘वाळेल’ वेगळे आणि ‘वाळाडेल’ वेगळे. म्हणून खेड्यात विचारताना ‘हिरवं कापीसन वाळाडेल गवत शे का?’ असे विचारावे. प्रमाण मराठीत ‘हिरवे कापून वाळवलेले गवत’ असे लांबलचक म्हणावे लागते, परंतु माझ्या दृष्टीने त्यास पर्याय नाही. काही जण ‘गवताचे वाळवण’ हा शब्द सुचवतात. शब्द सुटसुटीत आहे, पण आपल्याकडे वाळवण म्हटले, की गच्चीवरचे पापड, कुरडया आणि ज्वारीचे बिबडे डोळ्यांपुढे येतात आणि चारा विकणारा माणूस तो शब्द गवताला लावणार नाही.

उत्तर (धुळे, पशुवैद्यक)

गुरुजींचा भेद आमच्या व्यवसायातही जसाच्या तसा लागू पडतो, कारण बी धरेपर्यंत गवतातली प्रथिने कमी होतात, काडी कठीण होते आणि पानांचे प्रमाण घटते. गायीला चार कप्प्यांचे पोट आहे, रवंथ आहे. ती कडब्यावरही निभावते. सशाचे आणि गिनिपिगचे तसे नाही. त्यांचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते लांब धाग्याचे गवत तासन्‌तास चावूनच झिजतात. आतड्याची हालचालही याच तंतूंवर चालते. म्हणूनच कुट्टी चालत नाही. तुकडे इतके बारीक असतात की चावण्याचे कामच उरत नाही, शिवाय धूळ नाकात जाते. प्रौढ सशाच्या आहारात वाळवलेल्या गवताचा वाटा सुमारे 80 टक्के असावा, हा सर्वसाधारण दंडक आहे.

लसूणघासाविषयी स्वतंत्रपणे लिहितो, कारण नावातल्या ‘घास’ या शब्दामुळे पुष्कळ जण त्यास गवत समजतात. ती शेंगवर्गीय वनस्पती आहे, हरभऱ्याच्या कुळातली. तिच्यात प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असते, त्यामुळे सहा महिन्यांच्या आतील पिल्लांना किंवा गाभण मादीला ती योग्य ठरते. मोठ्या प्राण्यास ती रोज पोटभर दिली, तर मूत्राशयात गाळ साचतो आणि खडे होतात. ‘गाजर गवत’ हेही असेच नावापुरते गवत. ते गवत तर नाहीच, उलट अंगाला खाज आणणारी विषारी वनस्पती आहे, आणि रस्त्याकडेच्या भाऱ्यात ते हमखास मिसळलेले असते.

गिनिपिगविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही आणि वाळवलेल्या गवतातून ते मिळत नाही, म्हणून त्यास रोज थोडी कोथिंबीर किंवा ढोबळी मिरची द्यावीच लागते.

उत्तर (शहादा तालुका, घोडे पाळणारे)

जळगावच्या ताईंना माझे सांगणे असे, की त्यांनी गायी-म्हशीवाल्यांकडे विचारूच नये, घोडेवाल्यांकडे विचारावे. घोड्याला रवंथ नाही आणि उलटीही करता येत नाही. सशाचेही तसेच आहे, हे डॉक्टर साहेब मान्य करतील. बुरसट चाऱ्याने घोड्याच्या पोटात कळ उठते आणि जनावर हातचे जाते, म्हणून आम्ही गवत घेताना जेवढे पाहतो तेवढे दुधाचा धंदा करणारे पाहत नाहीत. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तापीकाठी गवताचे भारे येतात, तेव्हा जाणता माणूस आधी भाऱ्याच्या पोटात मनगटापर्यंत हात घालतो. आत ऊब लागली किंवा ओल लागली, तर तो पुढे निघून जातो. नंतर मूठभर गवत नाकाशी नेतो. चांगल्या गवताला गोडसर वास येतो, कुबट येत नाही. मग एक काडी वाकवून पाहतो. ती कट्‌कन मोडली पाहिजे, नुसती वाकून राहिली तर आत पाणी आहे. आमच्याकडे अशा गवतास ‘हिरवट सुके’ म्हणतात. रंग पोपटी नसला तरी हिरवी झाक राहिलेली असते. ती टिकावी म्हणून पहिल्या दिवसाच्या उन्हानंतर आम्ही गवत पत्र्याखाली सावलीत पसरतो. ‘हिरवट सुके गवत’ एवढे म्हटले, तर कोणत्याही घोडेवाल्यास पुढचे सांगावे लागत नाही.

प्रश्नकर्त्या (जळगाव)

सर्वांचे आभार. ‘हिरवट सुके’ हा शब्द मला सर्वांत उपयोगी वाटला, कारण त्यात रंग आणि कोरडेपणा दोन्ही आले. आता गवताच्या जातींची नावे कळली, तर बरे होईल. नुसते ‘डोंगरी गवत’ म्हणून पुरेल का?

उत्तर (चोपडा तालुका, शेतकरी)

पुरणार नाही, ताई. ‘डोंगरी गवत’ म्हणजे सातपुड्याच्या उतारावर जे उगवले ते सगळे, एकाच भाऱ्यात चार जातींचे. त्यातले मारवेल तुमच्या कामाचे. ते बारीक काडीचे, पानेरी असते आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याचे ‘फुले मारवेल-06-40’ असे वाणही दिले आहे. ज्याने बांधावर त्याचे ठोंब लावले आहेत, तो वर्षातून अनेक कापण्या घेतो, आणि अशा शेतकऱ्याशी फुलोऱ्याच्या वेळीच बोलून ठेवावे. पवन्याही चांगला. कुसळी मात्र नीट ओळखून घ्यावी. ती कोवळी असताना गुरे आवडीने खातात, पण पिकल्यावर तिची टोकदार कुसळे ओल लागताच पीळ सोडत आत शिरतात, मग ते कापड असो की सशाची हिरडी. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आपण म्हणीपुरते पाहतो. सशाच्या डोळ्यात ते खरोखर जाते.

रोशाविषयीही सावध करतो. धडगाव-तळोद्याच्या बाजूला पूर्वी या गवतापासून सुगंधी तेल काढत. वाळल्यावरही त्याला गुलाबासारखा वास येतो आणि नवख्या माणसास तो गोड वास चांगल्या गवताची खूणच वाटतो. त्या तेलामुळे गुरेसुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाहीत, तेव्हा ससा लांबच राहिला. शहाद्याच्या भाऊंनी सांगितलेला गोडसर वास वेगळा आणि हा अत्तरासारखा वास वेगळा.

सर्वांत सोपी वस्तू म्हणजे हरळी, म्हणजे गणपतीच्या दूर्वा. पाटाच्या कडेला ती हवी तेवढी असते आणि शेतकऱ्यास ती तण म्हणूनच नकोशी असते, त्यामुळे बहुधा तो फुकट काढू देईल. अट एकच, ती कापसाच्या किंवा केळीच्या फवारणीच्या पट्ट्यातली नसावी. म्हणून ‘हरळी आहे का’ असे न विचारता ‘बिनफवारणीची हरळी आहे का, तणनाशक केव्हा मारले होते’ असे विचारावे. वनखात्याच्या कुरणातून, उदाहरणार्थ धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणातून, आपण होऊन गवत कापून आणू नये. कुरण म्हणजे राखलेले रान, मोकळे रान नव्हे.

आणि भाव विचारताना माप कोणते तेही ठरवून घ्यावे. कडबा शेकड्याने, म्हणजे शंभर पेंढ्यांच्या हिशेबाने विकला जातो. गवत भाऱ्याने जाते आणि भारा बांधणाऱ्याच्या कवेप्रमाणे लहानमोठा होतो. तुमचे गिऱ्हाईक घरगुती, तेव्हा किलोवर तोलून मागावे आणि पैसे देण्याआधी भारा सोडून पाहावा.