मदत हवी आहे : १६ ऑगस्टला मुलांसोबत काय करावं?

मंडळी, कोल्हापुरात आमच्या तालमीच्या लहान पोरांना मी फुटबॉल शिकवतो. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान–ईस्ट बंगाल सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी, चेंगराचेंगरी झाली आणि सामना बघायला गेलेले १६ जण घरी परतलेच नाहीत. कोलकात्यात त्या दिवशी रक्तदान होतं. इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबच्या जर्सीवर मानेमागे ९७ हा आकडा असतो, १९८९ साली हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत गेलेल्या त्यांच्या चाहत्यांचा. ते मला फार भिडतं, दर सामन्यात त्यांना अंगावर वागवणं. मिनिटभर मौन आमची पोरं पाळतील, पण त्यांना उमगेल का? दहा-बारा वर्षांच्या मुलांना कितपत सांगावं? पेठापेठांतली ईर्ष्या आमच्याकडेही आहेच, म्हणून काळजी वाटते. कुणी असं काही केलंय का?